मधल्या चार मात्रा

बटण पडल्याचं ग्रिसेल्दाला हाताने सांगितलंच नाही, कानांनी सांगितलं. काउंटरच्या काचेवर टक्‌ आवाज झाला, बटण घरंगळत लोकरीच्या लडींच्या टोपलीत गेलं, आणि डाव्या हाताची बोटं अजून काहीतरी चिमटीत धरल्यासारखी हवेत तशीच राहिली. समोरच्या बाई "पडलं हो" म्हणाल्या. ग्रिसेल्दाने आपल्या बोटांकडे पाहिलं, दुसऱ्याचं मूल रांगेत मध्येच घुसलं की आपण त्याच्या आईला शोधतो, तसं. मनगटातली शीर दबली आहे, छोटंसं ऑपरेशन, शिवणकामवाल्यांना होतंच, असं डॉक्टर एप्रिलमध्ये म्हणाला होता. तिनेही होतंच म्हणून मान हलवली होती. मार्चपासून ती सगळ्यालाच मान हलवत होती.

बाईंनी काउंटरवर एक कोट पसरून ठेवला होता. तपकिरी, जाड, चाळीस वर्षांपूर्वीच्या कापाचा, रुंद कॉलरचा. पाच बटणं होती, सहाव्याच्या जागी दोऱ्याचं टोक. ग्रिसेल्दाने टोपलीतून ते, बाहीवरून नमुन्याला सोडवलेलं बटण शोधून काढलं आणि शिडी लावली. आईच्या वेळेपासून दुकानाची एक भिंत छतापर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यांची आहे आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आत जे आहे त्यातलं एक बटण शिवून टाकलेलं. नावं नाहीत, आकडे नाहीत. बटण हेच बटणाचं नाव. ती वरून तिसऱ्या ओळीतल्या तपकिऱ्या चाचपत होती, म्हणजे उजव्या हाताने चाचपत आणि डाव्याने शिडी धरली आहे असं मानून. तेवढ्यात खाली बाईंची नखं काचेवर वाजायला लागली. वेळ घालवायला माणसं वाजवतात तशीच. टाक टटाक, टाक टटाक. मग थांबली. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा टाक टटाक.

शिडीवर ग्रिसेल्दाचा श्वास चार मात्रा थांबला. ते तिने ठरवलं नव्हतं. सदतीस वर्षं तिचा श्वास तिथे आपोआप थांबत आला होता. टॅक्सीत, दातांच्या दवाखान्यात, फुटबॉलच्या मैदानाशेजारून जाताना. तिथे गल्लीतल्या संघाच्या पोरांनी त्याच चालीवर समोरच्या गोलकीपरच्या आईबद्दल काहीबाही रचलं होतं, आणि त्या शिव्यांच्या मधोमधही ती चार मात्रांची शांतता इमानदारीने पाळत.

"गाणं आवडतं वाटतं," ती शिडीवरूनच म्हणाली.

"गाणं तसं काही खास नाही," बाई म्हणाल्या. "तो माणूस जरा नाकातून गातो. पण मधला थांबा माझा आहे."

मग त्यांनी सांगितलं, अगदी सहज, दळण सांगावं तसं. त्यांचं आडनाव आन्साल्दी, राहायला रुळांपलीकडे. कोट एन्रिकेचा, धाकट्या भावाचा. ब्याऐंशीत इंग्रजांशी लढायला त्याला माल्विनास बेटांवर नेलं तेव्हा लष्कराने त्यांचा कोट दिला म्हणून हा घरी राहिला. लष्कराचा कोटही परत आला नाही आणि कोटातलं पोरगंही नाही. आता नातवाला जुन्या फॅशनचं वेड, त्याला हा घालायचाय. घालू दे, कपाटात ठेवून कोटाला काय मिळतंय. "दरवर्षी भाषणं होतात, हार होतात, बँड वाजतो," आन्साल्दीबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी गप्प कुणी बसतच नाही. हे गाणं तेवढं बसतं. रेडिओवर लागलं की मी गॅस बंद करते आणि तेवढ्यापुरता तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो. चार मात्रा. तेवढ्यात काही बोलणं होत नाही म्हणा, पण असतो." आणि मग, जाता जाता: "तो गाणारा गेला ना हो मार्चमध्ये, बिचारा."

"हो," ग्रिसेल्दा म्हणाली. "ऐकलं."

तिने त्याच्या पापण्या मिटल्या होत्या. त्याचा निळा शर्ट तिने इस्त्री केला होता, कॉलर आधी, मग खांदे, मग बाह्या, आईने शिकवल्याप्रमाणे, आणि त्याला तो नर्सच्या मदतीने चढवला होता. सहा दिवसांनी सोमवारी दुकान उघडलं होतं. ऐकलं म्हणे. तिने बाईंना सांगितलं की वरच्या ओळी नीट बघायला लागतील, कोट राहू द्या, पुढच्या आठवड्यात या. बाई गेल्या. ग्रिसेल्दाने दाराला आईच्या हातची पाटी अडकवली, 'लगेच परततो', आणि मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. करायचं काहीच नव्हतं. नुसती उभी राहिली.

गाण्याचं नाव तेच होतं, कारण गाणं त्या पाटीवरूनच आलं होतं. भाऊ ओमार एकवीस वर्षांचा आणि ती एकोणीस, आणि आई पाटी लावून शेजारणीकडे जायची ती दोन दोन तास यायचीच नाही. गिऱ्हाईकं दाराशी उभी, पाटी सांगतेय लगेच, आणि ओमार आतून बघत हसतोय. त्याने एका दुपारी गाणं लिहिलं. एक माणूस दुकानाला ही पाटी लावून जातो आणि त्याला लगेच म्हणजे किती हेच आठवत नाही. त्यात बेटं नव्हती, सैनिक नव्हते. लिहिलं तेव्हा युद्धही नव्हतं. सरावाला जागा नव्हती म्हणून रस्त्याचं दार आणि आतलं दार यांच्यामधल्या बोळकंडीत वाजवायचे. तिला तिथे सागुआन म्हणतात, म्हणून बँडचं नावही सागुआन. लालो ड्रम घेऊन बसला की रस्त्याचं दार उघडत नसे, म्हणून पाव आणायला खिडकीतून उडी मारून जावं लागे. ओमार गिटार आणि गळा. तिला बास गिटार दिली, कारण तिसरं कुणी नव्हतं आणि तिला नाही म्हणता येत नसे. लालो तिला 'काडी' म्हणायचा. अजूनही म्हणतो, आता ती काडीसारखी नसतानाही.

युद्ध लागलं आणि रेडिओवरची इंग्रजी गाणी एका फटक्यात बंद झाली. दिवसाचे चोवीस तास तर तेवढेच होते. स्टेशनवाल्यांना आपल्या भाषेत गाणारं कुणीही चाललं असतं आणि अक्षरशः कुणीही चाललं. मे महिन्यात त्यांना एक स्टुडिओ चार तास मिळाला. ग्रिसेल्दा सकाळपासून मागच्या खोलीत काज-मशीनवर होती, ब्लाउजच्या कारखान्याचे काज, डाव्या हाताने कापड ताणून धरायचं आणि मशीन खडखडत खाली येऊ द्यायची, एकापाठोपाठ एक, तीनशे. तिथून उठून बस, बसमधून स्टुडिओ. गाण्यात पहिलं कडवं संपलं की पुढची ओळ बासने एकटीने उचलायची आणि तिच्या मागून बाकीच्यांनी यायचं. कडवं संपलं. तिने बोटं तारेवर ठेवली, म्हणजे ठेवलेली तिला दिसत होती. पण हाताच्या जागी काही नव्हतं. कापूस होता. तिने वर पाहिलं. लालोची काठी हवेत. आणि ओमार माइकपाशी उभा, तिच्याकडे बघत. तो ओमार, ज्याला बसची वाट बघवत नसे म्हणून चालत निघायचा, ज्याने आईच्या पोटातसुद्धा शेवटचे तीन आठवडे थांबायचं नाकारलं होतं. तो थांबला. चिडला नाही, भुवई उचलली नाही. कुणाच्या बुटाची नाडी सुटली की आपण दोन पावलांवर उभे राहतो, तसा उभा राहिला. चार मात्रा. मग बोटांत मुंग्या फुटल्या, तिने ओळ उचलली, आणि सगळे तिच्यामागून आले. पुन्हा करायला वेळ उरला नव्हता. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, मधला तो थांबा छान आहे, कुणाची कल्पना? ओमार म्हणाला, "हिची."

पंधरा दिवसांत ते रेडिओवर होतं, आणखी आठवड्याभरात युद्ध हरून संपलं, आणि कुणीतरी एका मासिकात लिहिलं की त्या चार मात्रा न परतलेल्यांच्या आहेत. कुणी म्हणालं, त्याआधी लष्करी राजवटीने घराघरांतून उचलून नेलेल्यांच्याही. सरकारी माणूस त्यात आक्षेप घ्यायला काय शोधणार, तिथे काही नव्हतंच. पुढल्या कार्यक्रमात कडवं संपलं आणि लोक आपोआप गप्प झाले, हात वर करून. गिटारच्या तारेचा सूरसुद्धा गळा फाडून गाणारी ही माणसं, ज्यांना देवळातही कुजबुजल्याशिवाय राहवत नाही, ती चार मात्रा गप्प. दाराशी सॉसेज-पाव विकणारासुद्धा चिमटा हवेत धरून उभा राही. मग ते देशाबाहेरही पसरलं. लिमामध्ये त्यांच्या आधी त्यांचं गाणं पोचलं होतं. ग्वादालाहाराला शेंबडी पोरं तीनच तारा कळत असताना तो थांबा मात्र अचूक घेत. असुन्सिओनला एका लग्नात वाद्यवृंदाने तो वॉल्ट्झमध्ये बसवला आणि नवरानवरी मधेच पाय उचलून उभी. पुढे कितीतरी बँडनी आपापल्या गाण्यांत असे थांबे घातले, लोक त्याला 'सागुआन घालणं' म्हणू लागले. बारा वर्षं, पाच रेकॉर्ड. मुलाखतीत कुणी विचारलं की ओमार म्हणे, ते बहिणीला विचारा, आणि बहीण काहीच बोलत नसे, आणि तिचं न बोलणंही लोकांना फार थोर वाटे. पहिल्यांदा ती लाजेने गप्प राहिली होती. दुसऱ्यांदा एक म्हातारी तिचे हात धरून रडली म्हणून. त्यानंतर सांगायची वेळ निघून गेली होती. पाहुण्याचं नाव तिसऱ्या भेटीतही विचारायचं राहिलं की मग कायमचं राहतं, तसं.

बँड भांडून संपला नाही. चौऱ्याण्णवमध्ये एका आठवड्यात कुणी सरावासाठी फोन केला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. आईचं दुकान होतंच. ओमार शाळांमधून गाणं शिकवायचा आणि रविवारी तिच्याकडे जेवायला यायचा, भात कधीच खायचा नाही, तो फक्त पोट बिघडल्यावर खायचा असतो म्हणे. मग फुफ्फुसं. अंत्ययात्रेच्या दिवशी रस्ता भरला होता. लोकांनी ते गाणं म्हटलं, कडवं संपलं, शेदोनशे हात वर गेले आणि सगळं गप्प झालं, आणि ग्रिसेल्दा गाडीशेजारी उभी राहून आपल्या बुटांकडे पाहत होती. डाव्या बुटावर चुन्याचा डाग होता. हा कुठे लागला असेल, असा तिने चारही मात्रा विचार केला. तेव्हापासून तिला त्या डागाची भीती वाटते. भावाचं काही वाटलं नाही याचं नंतर कधीतरी वाटेल, असं धरून ती चालली होती. पण उधळलेलं जनावर निदान गोठ्यात परत येतं, हे वाटणं परत येण्याचं चिन्ह दिसेना. आणि रोज सकाळी उठून ती आधी तेच चाचपायची, आलंय का. आलेलं नसायचं.

शनिवारी मालेना आली, ओमारची मुलगी, सत्तावीस वर्षांची, गिटार पाठीवर, आणि तिच्यामागून लालो, दारात अडकून मग आत. जूनमधल्या रविवारी दुपारी गल्लीतल्या क्लबात ओमारच्या नावाने कार्यक्रम होता, हे ग्रिसेल्दाला ठाऊक होतं. आपल्याला काही विचारायला येतील हेही ठाऊक होतं. तिने 'माते'साठी, म्हणजे कडू पाल्याच्या चहासाठी, पाणी ठेवलं. तिघांनी एकाच सुक्या भोपळ्याच्या पेल्यातून, एकाच नळीने, पाळीपाळीने कडू घोट घेतले, आणि तिघांनीही हवेबद्दल जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. मग मालेना म्हणाली, एकच गाणं. पप्पाची जागा रिकामी ठेवायची, माइक नुसता उभा. गातील लोकच. मी गिटार, लालोकाका ड्रम.

"हात चालत नाही माझा," ग्रिसेल्दा म्हणाली.

"कधी चालत होता," लालो म्हणाला. "मी चाळीस वर्षं सांभाळून घेतोय, काडी."

मालेना हसली नाही. "आत्या, दुसरं कुणीही वाजवेल. ते पोरगं आहे एक, तुझ्यापेक्षा चांगलं वाजवतं, खरं सांगते. पण ती ओळ कुणी उचलायची ते लोकांना माहीत आहे. तू तिथे नसलीस तर पप्पा पण गेला आणि तूही, असं होईल." तिने भोपळा लालोकडे दिला. "तू रडली नाहीस ते मला चालतं. लोक काही म्हणोत. फक्त तिथे उभी राहा."

आपण रडलो नाही हे कुणी पाहिलंय, हे तिला नवीन होतं. आपण ते छान लपवलंय अशी तिची समजूत होती. लालो 'माते'चा भोपळा तळाशी सुरसुर वाजवत बसला. त्याला ठाऊक होतं. ती काठी हवेत धरून बसणारा तोच होता आणि त्याने कधीच काही म्हटलं नव्हतं. सदतीस वर्षांत फक्त एकदा, ग्वादालाहाराला, प्यायल्यावर: "आपण एका पेटक्यावर जगतोय, काडी."

ती हो म्हणाली. मान हलवायची सवय झाली होती, त्यातलंच एक हो.

बटण तिला बुधवारी सापडलं, सगळ्यात वरच्या ओळीत, खोक्यात नव्हे तर खोक्यावर. त्या जातीची आतली बटणं केव्हाच संपलेली, नुसतं तोंडावर शिवलेलं उरलं होतं. तिने ते कात्रीने सोडवलं. खोकं बिननावाचं झालं. कोटाला बटण शिवताना सुई डाव्या अंगठ्यात पाव इंच गेली आणि तिला ते कापडावर ठिपका उमटल्यावर कळलं. तो ठिपका तिने गार पाण्याने काढला. आन्साल्दीबाई कोट न्यायला आल्या तेव्हा बटणाकडे बराच वेळ बघत राहिल्या. ओळखू येत नाही हो, कुठलं नवं, म्हणाल्या. रविवारी क्लबात जाणार आहे, नातवाला घेऊन. तुम्ही येता का? ग्रिसेल्दा म्हणाली, येईन बहुतेक. आता सांगावं असं ओठांपर्यंत आलं, आणि तिला गॅस बंद केलेलं ते स्वयंपाकघर दिसलं, टाइल्ससकट. तिने कोटाची घडी घातली.

रविवारी गारठा होता, तिथे जून म्हणजे हिवाळाच. क्लबाच्या बास्केटबॉलच्या मैदानावर फळ्या टाकून मंच केला होता, बाहेर सॉसेज-पावाचा धूर, कठड्याला रंगवलेल्या चादरी बांधलेल्या, कुठल्या कुठल्या वस्त्यांची नावं लिहिलेल्या. एकीवर लिहिलं होतं 'लगेच'. बास गळ्यात अडकवली तेव्हा पट्टा आखूड झालेला कळला, किंवा ती रुंद झालेली. समोर माणसं, पुढे लहान मुलं खांद्यांवर, आणि तिसऱ्या ओळीत तपकिरी कोट, सहाच्या सहा बटणं लावलेली, त्यात एक पोरगं, आणि त्याच्या कोपराला धरून आन्साल्दीबाई. त्यांनी मंचावर पाहिलं. मग डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. त्यांचं तोंड जरासं उघडलं. ग्रिसेल्दाने खाली तारांकडे बघितलं.

मालेनाने सुरू केलं. रिकाम्या माइकच्या जागी सगळं मैदान गायला लागलं, तेही नाकातून, ओमारची सवय लोकांनी इतकी वर्षं उचललेली. ग्रिसेल्दाची बोटं चालत होती. ती त्यांना डोळ्यांनी चालवत होती, रस्ता ओलांडताना मुलांना बघतो तसं, एकेक. कडवं संपलं. हात वर गेले. गप्प. एक. दोन. तीन. चार.

तिने बोट तारेवर ठेवलेलं तिला दिसलं. तिथे काही नव्हतं. पाच. तिने सवयीने वर पाहिलं, माइककडे, आणि माइकमागे पलीकडची भिंत होती. सहा. तिथून कुणीतरी तिच्याकडे बघेल, नाडी बांधून होईपर्यंत थांबेल, म्हणून तिने वर पाहिलं होतं, हे तिला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ती त्या चार मात्रांत तेच बघत आली होती. बाकी कुणाला काही दिसो, तिला तो थांबलेला दिसायचा. सात. लालोची काठी हवेत. म्हातारा हात खाली येत नव्हता. आठ. मैदानात कुणी खोकलं नाही, कुणी ओरडलं नाही, एकही हात खाली आला नाही. खांद्यावरच्या एका मुलीने बापाला काहीतरी विचारलं आणि बापाने तिच्या तोंडावर अलगद तळवा ठेवला. नऊ की दहा, पुढे तिने मोजलं नाही. ती बोटाकडे बघत होती. मग तिने काही न कळताच तार दाबली, बटण काजातून न बघता ढकलतात तशी, पण बघून, ढकलली, आवाज आला, आणि सगळे तिच्यामागून आले.

नंतर ती मागच्या अंगणात बाकावर बसली होती. हात मांडीवर, उताणा. मालेना येऊन डोक्यावर ओठ टेकवून गेली. लालो येऊन म्हणाला, "आज खांदा गेला माझा," आणि सॉसेज-पाव आणायला गेला. आन्साल्दीबाई आल्या त्या सरळ बाकावर बसल्या. 

"ऐकलं म्हणालात," आन्साल्दीबाई म्हणाल्या. "भाऊ होता तुमचा."

"हो."

"आज लांबलं."

"हात बधीर झाला होता," ग्रिसेल्दा म्हणाली. आवाज तिला बटणं मोजतानासारखा सपाट ऐकू आला. "आज, आणि तेव्हाही. त्या दिवशी मी तीनशे काज केले होते आणि हातच कळेना, म्हणून राहून गेली ती ओळ. ते थांबणं कुणासाठी नव्हतं. तुमच्या भावासाठी नव्हतं. एवढंच होतं ते, बाई. मला आधी सांगायला हवं होतं."

 आन्साल्दीबाईंनी पर्स उघडली, काही काढलं नाही, बंद केली. मैदानातून खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. ग्रिसेल्दाला वाटलं, आता त्या उठून जातील, आणि गॅस आता बंद करायचं कारण राहणार नाही, आणि ते मी केलं.

"कधीचं ते?" त्यांनी विचारलं. "महिना कुठला?"

"मे. विसाच्या पुढे."

"त्याचं शेवटचं पत्र चोविसाचं," आन्साल्दीबाई म्हणाल्या. "खंदकात पाणी होतं. लिहिलं होतं, ताई, पाय माझे आहेत की नाहीत कळत नाही. बघितले की आहेत, डोळे मिटले की नाहीत." त्यांनी पर्स बाजूला ठेवली. "तेव्हापासून वाटतं, कुणी नुसते चोळले असते."

त्यांनी ग्रिसेल्दाचा डावा हात मांडीवरून उचलला. कापड पारखतात तसा उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्यावर सुईची काळी खूण होती तिथे जरा थांबल्या. मग दोन तळव्यांत धरून चोळायला लागल्या. जोरात, स्वयंपाकघरातल्या बाईच्या खरखरीत हातांनी, मनगटापासून नखांपर्यंत आणि पुन्हा मनगटापासून. ग्रिसेल्दा ते बघत होती. दुसऱ्या कुणाच्या तरी हाताचं चाललंय, असं बघत होती. लालो दोन कागदी पुड्या घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. आन्साल्दीबाईंनी वर पाहिलं नाही. चोळत राहिल्या. मग करंगळीच्या टोकाला एक मुंगी चावली. मग दुसरी. मग एकदम वारूळ फुटल्यासारखं तळव्यातून, मनगटातून, कोपरापर्यंत, आणि वर.

"दुखतंय का?" आन्साल्दीबाईंनी विचारलं.

"हो," ग्रिसेल्दा म्हणाली. "दुखतंय."

त्यांनी चोळणं थांबवलं नाही.